उसवलेला खांदा

"पुन्हा फाटलाय," डॉक्टर प्राचाक पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले. "जिथे शिवला होता, नेमका तिथेच."

नीरामोनने चित्राकडे बघायचं टाळलं. खानथोंग मावशींचा हा खांदा डॉक्टरांनी शिवला होता आणि तो आखडू न देण्याचं काम फिजिओ म्हणून तिच्याकडे होतं. शिवलेला स्नायू हाडाला नीट धरेपर्यंत मावशींनी स्वतः हात उचलायचा नव्हता. रोज नीरामोननेच तो हलकेच उचलायचा, हलकेच खाली ठेवायचा. बाकी सगळा वेळ हात गळ्यातल्या झोळीत.

खांदा कशाने फाटला ते तिला ठाऊक होतं. एका सकाळी बाहेर पेशंटांची रांग लागली होती आणि मावशींचा हात अडून बसला होता. तिने तो थोडा जास्तच रेटला. "दुखतंय का, मावशी?" "छे गं, तू कर तुझं काम." मावशी हसत होत्या. डॉक्टरांसमोर दुखतंय म्हणणं म्हणजे त्यांच्या कामाला नाव ठेवणं, असं मानणारी इथली माणसं. नीरामोन त्यातलीच, तिची आईसुद्धा अशीच हसते. तरी त्या दिवशी ते हसू तिने खरं धरलं, कारण ते सोयीचं होतं. मग तिच्या तळहाताखाली काहीतरी कट्कन वाजलं. तिने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

मावशी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. मून नदीकाठच्या बाजारात त्या कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकत. मिरची, लसूण, पपई, सगळं उखळात आणि मुसळ या उजव्या हातात. आता भाची कुटते, गिऱ्हाईक एक घास खातं आणि शेजारच्या गाड्याकडे वळतं.

"म्हणजे आता कुटणं बंदच का, डॉक्टर?" मावशींनी विचारलं. "मग काय करू मी? गाड्यावर बसून माशा मारू?"

"चूक माझी आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "स्नायू विरलेला होता. टाके आणखी आतून घ्यायला हवे होते."

सुटलीस, नीरामोनच्या मनात आलं. खाली बघ आणि गप्प बस. पण हे मनात आलं याचीच तिला इतकी लाज वाटली की तिला गप्प बसवेना.

"सर, टाके तुमचे चांगले होते. मी ताण दिला. आवाज झाला होता, मी ऐकला होता."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगणार, सर?"

डॉक्टर वरच्या मजल्यावर, ती तळमजल्यावर. एकाच खांद्यावर दोघं काम करत होते आणि त्या खांद्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. "मीही कधी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पुरे की!" मावशी वैतागल्या. "तुमची तोंडं बघून मला वाटायला लागलंय, मीच मेले."

डॉक्टरांना हसू आलं. ते खुर्ची ओढून मावशींच्या जवळ बसले. "आणखी एकदा शिवू. पण ही शेवटची संधी, यानंतर शिवायला काही उरणार नाही. या वेळी आपण तिघं मिळून करायचं. मी स्वतः खाली नीरामोनच्या खोलीत येत जाईन. आणि तुम्ही, दुखलं की ओरडायचं. शिव्या दिल्यात तरी चालेल."

"शिव्या? आणि डॉक्टरांना?" मावशींनी जीभ चावली. मग त्यांचे डोळे भरून आले. "एवढे मोठे तुम्ही, माझ्यासाठी खाली येणार."

त्या उठून उभ्या राहिल्या. डाव्या हाताने त्यांनी झोळीचा पट्टा मानेवरून सफाईने काढला. दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले आणि मान लववली. चेहरा क्षणभर आक्रसला आणि लगेच हसरा झाला.

सवयीने डॉक्टरांचेही हात उलट नमस्काराला उठले. नीरामोनचेही उठले. आणि दोघांचेही छातीपाशीच थांबले.

हा नमस्कार त्यांनी कितीदा पाहिला होता. खाटेवरून, दारातून, येताना, जाताना. दर वेळी हात जोडून परतही केला होता.

"मावशी," नीरामोनने विचारलं, "ही झोळी तुम्ही अशी... नेहमी काढता?"

"नाही गं बाई!" मावशी दुखावल्याच. "झोपेत नाही, जेवताना नाही. विहारात भिक्खूंसमोरसुद्धा काढली नाही. काढायला गेले, तर तेच म्हणाले, राहू दे, हात दुखेल. फक्त तुम्हा दोघांसमोर काढते. तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत."