ठोकलेला कोपरा

चुंबक चिकटलं. सिंकच्या सपाट तळाला नाही. कोपऱ्याला, जिथे धाकट्या भावाने सकाळभर हातोडा चालवला होता, बरोब्बर तिथे.

"बाबा, हे बघा ना, गंमत!" कंपासपेटीतलं चुंबक त्याच्या मुलीने आपलं सहज लावून पाहिलं होतं.

धाकट्याने ते काढून भिंतीशी उभ्या ठेवलेल्या उरलेल्या पत्र्याला लावलं. टण्णकन खाली पडलं. पुन्हा कोपऱ्याला लावलं. हलकंच, पण धरून बसलं. पत्रा तोच. त्यानेच आणलेला, त्यानेच कापलेला, त्यानेच वाकवलेला.

हातोडा एकदम जड झाला.

वीस दिवसांपूर्वी असंच चुंबक त्याने थोरल्या भावाने बनवलेल्या सिंकला लावलं होतं, तेही गिऱ्हाइकासमोर. "चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, शेंबडं पोरही सांगेल. दादा, चांगला पत्रा कुठे विकलास?" थोरला काही सांगू लागला, तर हा म्हणाला, "तू बोलूच नकोस. चुंबक खोटं बोलत नाही." थोरल्याने हातोडा खाली ठेवला आणि जिना चढून वरच्या खोलीत गेला. त्यानंतर वर्कशॉपमध्ये त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

धाकटा सिंक घेऊन धडधडत जिना चढला. मागे मुलगी.

थोरला बॅग भरत होता. दुसऱ्या गावच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं.

"दादा, मी ठोकलं त्यालाही चिकटलं."

"चिकटणारच."

"पण का हो, मोठे बाबा?" मुलीला राहवेना.

"अगं, स्टीलमध्ये लोखंडच असतं. पण आतल्या कणांची मांडणी अशी, की ते चुंबकाला दाद देत नाही. वाकवलं, ठोकलं की ती मांडणी बदलते. मग चिकटतं. पत्रा खोटा नसतो, नुसता मार खाल्लेला असतो."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!" धाकटा बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

थोरल्याने शर्टाची घडी बॅगेत ठेवली.

"आता ते असंच राहणार?" मुलीने विचारलं.

"छे. भट्टीत लालबुंद तापवून झटकन गार केलं, की होतं पहिल्यासारखं."

"मग झालं तर!" तिने टाळीच वाजवली. "होतं ना पहिल्यासारखं!"

"स्टील होतं गं."

थोरल्याने बॅगेची चेन ओढली. मग राहवलं नाही म्हणून सिंक जवळ घेतलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबला.

"इथे पोचा राहिलाय," तो धाकट्याला म्हणाला. "हळू ठोकत जा."

आणि त्याने बॅग उचलली.