पायमोज्यांतली जाखडी

काचेच्या बरण्या. घुंगरांचे चाळ. नवेकोरे पायमोजे. रत्नागिरीच्या भरबाजारातल्या कलाकेंद्राचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं. वरच्या मजल्यावर जाखडीची तालीम सुरू झाली, नाचणाऱ्यांचे पाय दणाणले आणि खालच्या दुकानातल्या बरण्या खळ्ळकन फुटल्या. केंद्राच्या अध्यक्षांनी पायमोजे मागवले. “चाळ सोडा, हे घाला. घुंगरांचा आवाज आपण स्पीकरवर लावू.” म्होरक्या केरू हसला. “पायमोजं घालून जाखडी? मंग बसूनच नाचतो की!” कोणीच हसलं नाही. तो लेकीकडे वळला. ही इमारत तिनेच, श्रद्धानेच आखली होती. “बाय, तू सांग गो यांना. तुजं आयकतील.” “मॅडम,” अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, “वडलांना समजवा. पाहुणे आलेत.” श्रद्धा वडलांसमोर खाली बसली आणि त्यांच्या पायातली चाळाची गाठ सोडवू लागली. दुकानांना जागा देण्याआधीच्या तिच्या पहिल्या आराखड्यात रंगमंच तळमजल्यावर होता, थेट जांभ्या खडकावर.