सुट्टी सिगारेट

“चाचा, एक सुट्टी द्या.”

रसूलभाईंनी कॉलेजच्या पोराला पाकिटातली एक सिगारेट दिली आणि नेहमीप्रमाणे पाकीट फळीखाली सरकवलं. पाकिटावर सडलेल्या घशाचं चित्र होतं. सुट्टी घेणाऱ्यांच्या ते नजरेला पडत नसे.

टपरीला टांगलेल्या लायटरकडे हात नेताना पोराला समोरच्या बसथांब्यावर आजच लागलेली जाहिरात दिसली. तिच्यात घसा नव्हता की फुप्फुस नव्हतं, नुसती टपरीची फळी आणि तिच्यावर एकच सिगारेट. खाली लिहिलं होतं, ‘सुट्टी घेतोस. पाकिटावरचं चित्र बघितलंस कधी?’

“चाचा, पाकीट दाखवा बघू.”

बराच वेळ बघून त्यानं सिगारेट परत केली आणि ओशाळून हसला. “तुमच्या पोटावर पाय देणारी ही जाहिरात केली कुणी?”

जाहिरातीतली फळी रसूलभाईंचीच होती. कोपऱ्यातला चुन्याचा डागसुद्धा शाहीननं सोडला नव्हता. शाळा सुटल्यावर याच फळीमागे बसून ती चित्रं काढायची.

“माझ्या पोरीनं,” ते ताठ मानेनं म्हणाले, आणि पाकीट फळीखाली न सरकवता चित्र गिऱ्हाइकांकडे करून त्यांनी फळीवर उभं केलं.