घाट उतरण्यापूर्वी

शेचाळीसच्या मे महिन्यात पाचगणीहून वाईला निघालेल्या टॅक्सीत पाच उतारू, मालक हंबीरराव आणि ड्रायव्हर सयाजी असे सात जण होते. घाटाच्या तोंडाशी सयाजीने गाडी थांबवली.

“मालक, दर म्हैन्याला ब्रेक तपासायचं ठरलं हुतं. चार म्हैनं झालं, चाक खोललं न्हाई.”

“ऐन शीझनात गाडी हुभी ठिवू व्हय रं, भित्र्या? ब्रेक झ्याक हायती. चल, न्हाईतर नोकरी सोड.”

“सोडली.” सयाजीने किल्ली त्यांच्या हातावर आपटली. “तुमाला बी चालवाय येतीया. न्या खाली.”

पाचही उतारू हंबीररावांकडे बघत राहिले. हंबीररावांनी एकदा घाटाकडे पाहिले आणि किल्ली खिशात घातली.

वाईपर्यंतचे आठ मैल सातही जण चालत उतरले.