टाकीवरची सतरा अक्षरं

"अक्षरं उतरवावी लागतील, बाबा," मुलगी म्हणाली आणि तिने कागद काउंटरवर ठेवला. "तुमची सही हवी."

शेठने कागदाला हात लावला नाही. दुकानात सिमेंटच्या पोत्यांची थप्पी होती, मागे सळ्यांचे भारे, आणि रस्त्यापलीकडे घरांच्या छपरांवरून डोकावणारी पाण्याची टाकी. ती त्यानेच गावाला बांधून दिली होती. वाचनालय, बसथांब्यावरची शेड, दवाखान्यातली नवी खोली, हेही त्याचंच. पण टाकी सगळ्यांत उंच. तिच्या पोटावर त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, सतरा लोखंडी अक्षरांत. एकेक अक्षर कमरेएवढं. रोज सकाळी तो ते नाव एकदा वाचायचा आणि मगच शटरचं कुलूप उघडायचा.

"रंगानं लिहू," असं तेव्हा गवंडी म्हणाला होता. "रंग उडतो, लोखंड राहतं," असं शेठने त्याला सुनावलं होतं. लोखंडाच्या व्यापाऱ्याला लोखंड कोण शिकवणार?

"टाकीला काय धाड भरलीय?" त्याने विचारलं.

"टाकी ठणठणीत आहे. सिमेंटात तुम्ही कधी हात आखडला नाहीत. खोट नावात आहे, बाबा. एकेका अक्षराला चार बोल्ट. ते गंजले, फुगले, आणि भिंतीला तडे गेले. महिनाभर आम्ही टाकी अर्धीच भरतोय. चढावरच्या घरांत पाणी पोचत नाही."

"मग मी नवी बांधतो. नाव घालून."

"तीन वर्षं लागतील. तोवर चढावरच्यांनी काय करायचं? तहान लागली की तुमचं नाव वाचायचं?"

शेजारच्या दुकानातलं शिलाईचं मशीन थांबलं. शिंपी शेठचा जुना मित्र, आणि ऐकायची वेळ आली की त्याचा दोरा नेमका तुटायचा. शेठचं एकमेव दुःख त्याला तोंडपाठ होतं. एकुलती एक मुलगी. इंजिनिअर झाली, पण दुकानाच्या गादीवर बसायचं सोडून नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला लागली. गळके नळ आणि फुटके पाइप बघत हिंडते. "एवढं शिकवलं, पण पोरीनं काही नाव काढलं नाही," असं शेठ त्याला इतक्या वेळा म्हणाला होता, की हल्ली ते वाक्य शिंपीच पुरं करायचा.

"माझ्या परवानगीशिवाय अक्षरांना हात लावायचा नाही," शेठ म्हणाला. "करारात लिहून घेतलंय मी."

"म्हणून तर सही मागतेय. तो करार सापडायलाच आठवडा गेला."

"का? कुठं पडला होता?"

"जागेवरच होता. कारकून 'ट'मध्ये शोधत होता."

भिंतीपलीकडून शिंपी खोकला. ते हसणं होतं, हे शेठला कळलं. सगळं गाव त्याला टाकीशेठ म्हणायचं. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. खरं नाव वर लिहिलेलं होतंच की.

"आधी डोळ्यांनी बघतो," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला. मुलगी कागद घेऊन त्याच्यामागे निघाली.

टाकीच्या आवाराचं फाटक उघडं होतं. ते वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक जाड, गंजका तुकडा लावलेला होता. शेठने सवयीने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं लोखंड होतं. असं लोखंड आता येत नाही.

"हे इथं कुठनं आलं?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"काय की, टाकीशेठ. मागल्या वर्षी वादळानंतर गवतात पडलेलं होतं. फाटकाला बरं पडलं."

शेठ वाकला. त्याने तुकड्यावरची माती बोटाने पुसली. वळण ओळखीचं होतं. त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा तुकडा होता तो.

त्याने मान वर करून अक्षरं मोजली. मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. पंधराच भरली. सुरुवातीच्या दोन जागा रिकाम्या होत्या, आणि तिथून गंजाचे ओघळ खाली आले होते. आज सकाळीही त्याने सगळं नाव वाचलं होतं. पहिल्या अक्षरापासून.

"वर्षभर कुणी तक्रार केली नाही?"

"कुणी म्हणजे कुणीच नाही," मुलगी म्हणाली. "मी सांगणार होते. पण तुम्ही अजून रोज वाचता, असं शिंपीकाका म्हणाले. मग बोलवेना."

चढावरून एक बाई दोन रिकाम्या बादल्या घेऊन उतरत होती. आवारातल्या नळापाशी येऊन तिने बादली लावली. तिने वर पाहिलं नाही.

"पेन आण," तो म्हणाला.

पहारेकऱ्याच्या स्टुलावर कागद ठेवून त्याने सही केली. पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता. मग निघताना पायाने तो तुकडा नीट फाटकाखाली सरकवला.

पंधरा दिवसांत अक्षरं उतरली, भोकं बुजली, भिंतीला रंग लागला. टाकी काठोकाठ भरली आणि चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं. नाव दिसत नाही, हे गावाच्या ध्यानातही आलं नाही. आलं ते एकट्या शिंप्याच्या.

सकाळी शेठ शटरपाशी आला. सवयीने त्याने टाकीकडे पाहिलं. कोरी भिंत उन्हात चकाकत होती. शिंपी गळ्यात टेप अडकवून तयारच उभा होता.

"काय शेठ, शेवटी गेलं ना नाव?"

शेठने कुलूप उघडलं आणि शटर एका दमात वर ढकललं.

"गेलं कुठं?" तो म्हणाला. "पोरीनं काढलं."