परक्याची शीळ

चोकोच्या जंगलात लिसान्द्रो बाणाच्या विषासाठी पिवळे बेडूक धरायचा. पाचोळ्यात बसून तो बेडकासारखी शीळ घाली. हद्दीत परका नर शिरला असं वाटून बेडूक चिडून उड्या मारत येई, की वरून पान टाकून झाकायचा. चिडलेल्याला पान दिसत नाही, हा साधा हिशेब.

"तुझाच भाऊ तो," बायको ओतिल्दा चिडवायची. "मला कुणी हसवलं, की तूही असाच!"

आज त्याच्या शिळेला घरातून उत्तर आलं. शीळ हुबेहूब त्याचीच. मागोमाग ओतिल्दा खिदळली, "पुरे की, मेल्या!"

लिसान्द्रो धावत खांबांवरच्या घराची शिडी चढला. घरात कुणीच नव्हतं. शीळ मात्र चालूच होती, अगदी त्याच्या पायाशी.

भर दुपारी अंधारलं. त्यानं वर पाहिलं. छपराच्या जागी पानाच्या हिरव्या शिरा होत्या, आणि त्या खाली येत होत्या.