सोमवारचं खिंडार

गाठी तोडल्या नव्हत्या, सोडल्या होत्या.

झिलू कुंपणापाशी उकिडवा बसून बघत राहिला. केवणीच्या सालीचे दोर नीट गुंडाळून खुंटाला अडकवलेले. करवंदीच्या काट्या एका बाजूला रचलेल्या, टोकं पलीकडं वळवलेली. आणि मधोमध खिंडार, त्याच्या कमरेच्या जरा वर येईल एवढं. दर सोमवारी सकाळी हे असंच. तो बांधायचा, पुढल्या सोमवारी ते उघडं.

आज मात्र त्यातून रानडुकरं आत आली होती. कापणीला पंधरा दिवस राहिलेलं भात एका कोपऱ्यात पार लोळवून गेली होती. रान जाळून केलेली कुमरीची शेती सरकारनं बंद केल्यापासून वर्षाचं पोट या एवढ्याशा तुकड्यावर होतं.

शेजारचा लखू बांधावर येऊन उभा राहिला.

"जनावर गाठ सोडतंय व्हय रं कधी?" तो म्हणाला. मग वाकून त्यानं बोटं लावली. "आन गेल्या वर्सापरास उंच झालंय बग. चार बोटं तरी."

झिलूनं कमरेचं फडकं चाचपलं. त्यात वीतभर खिळा होता. काल देवाचा कौल सांगणाऱ्या गावच्या घाड्यानं तांदूळ टाकून पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, "पोर त्याच वाटंनं घराकडं येती. खुंटात लोखंड ठोक. परत यायची न्हाई."

पोर म्हणजे चंद्रा. झिलूची एकुलती एक.

गेल्या वर्षीच्या आषाढात गाईनं इथंच कुंपण मोडलं होतं. त्याची बायको गिरजा म्हणाली, बांधून घ्या. झिलू म्हणाला, "उद्या बांधतो." तो तेव्हा तसाच होता. झिलूला दसऱ्याला बोलवायचं तर पाडव्याला सांगा, असं लोक हसून म्हणायचे, आणि तोही हसायचा. आठ दिवस तो उद्या म्हणत राहिला. नवव्या दिवशी, सोमवारी, पाच वर्षांची चंद्रा त्या मोडक्या जागेतून वासरामागं रानात गेली. वासरू परत आलं. गावानं ढोल बडवत तीन दिवस रान धुंडाळलं. पायातला वाळा सापडला नाही, अंगावरची चिंधी सापडली नाही.

तेव्हापासून उद्या हा शब्द झिलूच्या तोंडातून गेला. काम आठवलं की हातातला घास टाकून तो उठायचा. यंदा वाडीत सगळ्यांच्या आधी त्याचं घर शाकारून झालं. बायका आपल्या आळशी पोरांना सांगू लागल्या, बघा, झिलूकाकाकडनं शिका जरा. ते कानावर पडलं की तो वाट बदलायचा.

त्यानं खिळा काढला. खुंटावर धरला. दुसऱ्या हातानं दगड उचलला.

"पेज निवते," मागून गिरजा म्हणाली. तिनं भांडं त्याच्यापुढं ठेवलं. ठेवताना पदरातून हात बाहेर आले. मनगटापर्यंत ओरखडे होते. काही जुने, काळे पडलेले. काही आजचे वाटावेत इतके लाल.

झिलूनं हातांकडं पाहिलं. मग रचलेल्या काट्यांकडं पाहिलं, त्यांच्या पलीकडं वळवलेल्या टोकांकडं.

"तू सोडतीस?"

"आयतवारी सांजचं. तुमी जेवाया बसला की."

लखूनं मान वळवली आणि तो हळूच आपल्या शेतात उतरला.

"भात गेलं गिरजे."

"दिसलं मला."

"आन ह्ये वरनं कशाला सोडलंस? पयलं एवढं नव्हतं."

"ती आता सातव्यात पडली न्हवं का," गिरजा म्हणाली. खुंटाच्या टोकाला लागलेलं एक वाळकं पान तिनं काढून टाकलं. "वाकून येताना डोक्याला काटा लागंल. म्हणून सोडते वाईच."

झिलूच्या हातातला दगड जड झाला. घाड्यानं सांगितलेलं तिला सांगावं की नको, हे त्याला कळेना. तिनंच खिळ्याकडं बघितलं.

"घाडी म्हणला आसंल, मेली म्हणून येती."

"व्हय."

"मेल्याल्या माणसाला वाट कशाला लागती हो?"

पलीकडच्या रानात कुठंतरी वासराच्या गळ्यातलं लाकडी लोढणं ठकठक वाजत होतं. दोघांनीही तिकडं पाहिलं, आणि दोघांनीही एकमेकांनी पाहिलेलं पाहिलं.

"ठोका," गिरजा म्हणाली. "तुमी आता कसलं काम मागं ठेवत न्हाई, मला ठावं हाय. मी आडवी येत न्हाई. पण सोमवार हाय. येवढा आजचा दिस नको."

झिलूनं दगड खाली ठेवला. खिळा परत फडक्यात बांधला. मग गुडघ्यावर सरकत तो पुढं झाला. एक काटी अजून आतल्या अंगाला डोकावत होती, तिचं टोक त्यानं बाहेर वळवलं.

"घोंगडी आन कोयता घेऊन ये," तो म्हणाला. "डुकरं आली तर हाकलतो. मी हितंच बसतो."

गिरजा निघाली. चार पावलांवर थांबली.

"आन कुंपण?"

तो शब्द त्याच्या जिभेवर वर्षभरानं आला. जड होता, पण ओळखीचा होता.

"उद्या बांधतो."